मुरमाचा उतार आणि बागेचे पाणी

पुणे-अहिल्यानगर रस्त्याने जाणाऱ्याला कारेगाव आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असते. कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, कामगारांच्या खोल्यांच्या चाळी, पाळी सुटल्यावर रस्त्यावर उसळणारी गर्दी. पण रस्ता सोडून थोडे आत वळले की जुना शिरूर तालुका सुरू होतो. उत्तरेला घोड, दक्षिणेला भीमा आणि या दोन नद्यांच्या मधला हा माळ. डोंगर म्हणावा असा डोंगर इथे नाही. आहेत त्या बोडक्या टेकाडांच्या रांगा आणि त्यांच्या अंगावरून खाली ओढ्याकडे उतरत जाणारी मुरमाड राने. पूर्वी या रानांत बाजरी, मटकी, हुलगा व्हायचा, नाहीतर नुसते कुसळी गवत. आज त्याच उतारांवर डाळिंबाच्या, सीताफळाच्या बागा उभ्या आहेत.

या बागांना किती पाणी द्यायचे, हा प्रश्न आपल्याकडे पंपाच्या तासांत विचारला जातो. लाइट किती वेळ आहे, मोटर किती अश्वशक्तीची आहे, आज किती तास सोडले. मातीला विचारायचे राहूनच जाते. माझे सांगणे एवढेच आहे की उतारावरच्या बागेत पाण्याचा हिशेब मातीच्या खोलीपासून सुरू करावा लागतो. तो चुकला तर पुढचे सगळे चुकते, मग ठिबक कितीही भारी कंपनीचे असो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कारेगावच्या एका डाळिंबाच्या बागेत आम्ही दोन खड्डे घेतले. एक टेकाडाच्या अंगाला, दुसरा सहाशे पावलांवर खाली, बांधाजवळ. मालक म्हणाले, "दादा, माती एकच आहे, उगाच कशाला दोन ठिकाणी खांदायचं?" वरच्या खड्ड्यात एक वीतभर तांबूस-करडी माती लागली, तीही निम्मी खड्यांची. त्याखाली पहारीला खणखणणारा पिवळसर मुरूम. फुटीत बोट घालून पाहिले तर भेगेच्या कडेला काळसर डाग आणि त्यावर केसासारखी पांढरी मुळे. खालच्या खड्ड्यात तीन फूट खोदूनही काळी मातीच येत होती. ढेकूळ फोडले की गुळगुळीत, चकाकणाऱ्या बाजू दिसत. फूटभर खोलीपासून पुढे पांढरे चुन्याचे खडे. मग दोन्ही खड्ड्यांच्या तळाशी एकेक बादली पाणी ओतले. वरचे पाणी चहाचा कप संपायच्या आत गायब झाले. खालचे आम्ही जेवून परत आलो तरी आभाळ दाखवत तसेच उभे होते. आणि या दोन्ही ठिकाणच्या झाडांना एकाच व्हॉल्व्हवरून रोज दोन तास पाणी जात होते.

मालक बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. नंतर त्यांनीच सांगितले की वरची झाडे दुपारी पाने मिटतात आणि खालची मर रोगाने जातात. दोन्हींवर औषधे चालू होती.

हा फरक येतो कुठून, ते दख्खनच्या खडकाकडे पाहिल्यावर कळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थंड झाले. एकेका थराचा वरचा भाग सच्छिद्र, फेसाळ. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूचा लाल पट्टा. या खडकाला पाऊस-ऊन लागून तो कुजतो, तेव्हा आधी मुरूम होतो आणि मुरमाची माती. टेकाडावर ही माती तयार होते, पण टिकत नाही. पावसाबरोबर बारीक कण खाली जातात, खडे वर राहतात. हजारो वर्षे हे चालले की माथ्याला बरड, मधल्या अंगाला मध्यम जमीन आणि ओढ्याकाठी खोल काळी, असा उतार तयार होतो. चुनाही याच वाटेने जातो. वरून विरघळून निघतो आणि खाली, पाणी सुकते तिथे, खड्यांच्या रूपात जमतो. सगळा तालुका सोडा, एका गावाच्या एका गटनंबरातही तीन जमिनी निघतात त्या यामुळे. म्हाताऱ्या माणसांना हे पाठ होते. पट्टीला त्यांनी नावे दिलेली असत: माळाची, खडकी, मळई, चोपणातली. सातबाऱ्यावर एकच क्षेत्र लिहिले गेले आणि ती नावे हळूहळू बोलण्यातून गेली.

आता हिशेब. झाडाला वापरता येईल असे पाणी खोल काळी माती एका मीटरमागे साधारण १५० ते २०० मिलिमीटर धरते. मुरमाड मातीत खडे पाणी धरत नाहीत, उरलेली माती भरड. एक फूट जमीन, तीत चाळीस टक्के खडे असतील तर धरलेले पाणी वीस-बावीस मिलिमीटर भरते. झाडाला ताण न बसता त्यातले निम्मेच घेता येते, म्हणजे अकरा मिलिमीटर. एप्रिलात भरल्या बागेची रोजची गरज चार मिलिमीटर धरली तर वरच्या जमिनीची टाकी तिसऱ्या दिवशी रिकामी होते. खालच्या मीटरभर काळीत तीच गरज तीन आठवडे भागते. हे आकडे ढोबळ आहेत, मुळे मुरमाच्या फुटीत शिरली की वरच्या झाडाला आणखी थोडे मिळते. तरी प्रमाण बदलत नाही. वरच्या जमिनीला थोडे थोडे आणि रोज लागते, खालच्या जमिनीला सावकाश आणि दिवसांच्या अंतराने. दोन्हींना रोज दोन तास देणे म्हणजे वर पाणी मुळांच्या खाली पाझरून जाते आणि खाली मुळे गुदमरतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर मुरमाड जमीन म्हणजे वाईट जमीन असा समज होईल. फळझाडांच्या बाबतीत तसे मुळीच नाही. डाळिंबाने महाराष्ट्रात पैसा दिला तो याच जमिनीत. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली आळंदीच्या वाणातून जी निवड केली, ती पुढे १९७० मध्ये 'गणेश' या नावाने ओळखली जाऊ लागली. नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'भगवा'ने २००३-०४ पासून बाजार व्यापला. पण वाण असून भागले नसते. १९९० मध्ये राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. खड्डे खोदायची मजुरी, रोपे, खत, पहिल्या वर्षांची निगा, सगळ्याला अनुदान मिळाले. तोवर फळबाग म्हणजे पाणी-पैसा असलेल्या बागाईतदाराचे काम होते. त्या योजनेने झाडे माळावर चढवली. राज्यातले फळबागांचे क्षेत्र पुढच्या दोन दशकांत कित्येक पटींनी वाढले, आणि त्यात हलक्या, उताराच्या जमिनींचा वाटा मोठा होता. या योजनेला श्रेय द्यावे तेवढे थोडे. तिच्यात उणीव राहिली ती पुढच्या पाण्याची. खड्डा सरकारने दिला, त्या खड्ड्याला दहा वर्षे पाणी कुठून येणार, हे विचारणारा रकाना अर्जात नव्हता.

मुरमाचा खरा गुण बहाराच्या वेळी कळतो. डाळिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार धरता येतात. कोणताही धरायचा असला तरी आधी झाडाला ताण द्यावा लागतो: पाणी तोडायचे, झाडाची वाढ थांबू द्यायची, पाने पिवळी पडून गळू द्यायची. त्या विश्रांतीत काडीत अन्न साठते. मग छाटणी, खत, आणि पहिले पाणी हलके. झाड एकदम फुटते आणि फुलांनी लाल होते. ज्याने हे पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही. हलक्या जमिनीत हा ताण चार-पाच आठवड्यांत बसतो. भारी जमिनीत दोन महिने झाले तरी झाड हिरवेगार राहते, कारण माती खालून ओल पुरवतच असते. मग इथ्रेल फवारून पाने पाडावी लागतात, आणि तरी फूट मागे-पुढे निघते, कळी कमी आणि पालवी जास्त. मुरूम लवकर कोरडा होतो हा त्याचा दोष मानला जातो. डाळिंबवाल्यासाठी तोच गुण आहे.

पण ज्या जमिनीत ताण लवकर बसतो, तिच्यात चुकलेलाही लवकर बसतो. फळ लिंबाएवढे असताना लाइट गेली, मोटर जळाली, चार दिवस पाणी चुकले की साल आवळते. मग घाबरून एकदम भरपूर पाणी दिले की आतले दाणे फुगतात आणि साल तडकते. तडकलेल्या डाळिंबाला बाजारात भाव नाही. ही चार दिवसांची चूक खालच्या काळ्या जमिनीत झाडाला जाणवतही नाही.

उताराच्या फळांत डाळिंबानंतर नाव घ्यायचे ते अंजीर आणि सीताफळाचे, आणि त्यासाठी भीमा ओलांडून पुरंदरला जावे लागते. सासवडच्या भोवती, दिवे, सोनोरी या बाजूला डोंगराच्या कुशीत अंजिराच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ यांचे संशोधन केंद्र आहे, 'फुले पुरंदर' हे सीताफळाचे वाण तिथलेच. इथली जमीन मध्यम, तांबूस-काळी, चुनखडी असलेली आणि खाली मुरमाचा निचरा. अंजिराची तंतुमुळे वरच्या थरात जाळ्यासारखी पसरतात. त्यांना ओल हवी, पाणथळ नको. त्यामुळे अंजीर उताराच्या मधल्या पट्ट्यात रमते. अगदी माथ्याला ते उन्हाळ्यात मीठा बहार पेलत नाही. तळाच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यातला खट्टा बहार दमट हवेत तांबेऱ्याने गळतो. सीताफळाचे मात्र वेगळे. ते माथ्यावर, दगडांच्या फटीतही तग धरते. पावसावर आलेली सीताफळे सासवडच्या बाजारात पाट्या भरभरून येतात. अंजीरवाल्याला विहीर लागते, सीताफळवाल्याला चर पुरतो, असे एका जुन्या बागाईतदाराने मला सांगितले होते. उताराच्या बागेचे सगळे शास्त्र त्या वाक्यात आहे: कुठल्या उंचीवर कुठले झाड, हे आधी ठरवायचे.

आमच्या घरच्या रानात आम्ही हेच आधी ठरवले नाही. मुरमाच्या माळावर दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले आणि प्रेमापोटी त्यांत तलावातला काळा गाळ गळ्यापर्यंत भरला. चांगली माती, झाडे जोमात येतील, हा भाव. पहिली दोन वर्षे आलीही. तिसऱ्या पावसाळ्यात सप्टेंबरचा लागोपाठ पाऊस झाला आणि सव्वाशे झाडांतली तीसेक पिवळी पडली. उपटून पाहिले तर मुळे खड्ड्याच्या भिंतीला लागून गोल गोल फिरलेली, काळी पडलेली, वास येणारी. कठीण मुरमात चिकण गाळ भरला की तो खड्डा कुंडी होतो, आणि या कुंडीच्या बुडाला भोक नसते. पाणी आत शिरते, निघत नाही. गाळ चांगलाच आहे. पण तो मुरमाच्या मातीत तीन-चार भागांना एक असा कालवून, पृष्ठभागावर पसरून वापरायचा असतो. खड्ड्याचा तळ पहारीने फोडायचा, उताराच्या खालच्या बाजूची भिंत मोकळी करायची. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांचा गाळ शेतात येतो आहे. गाळासोबत एवढी चार वाक्ये शेतकऱ्याला मिळाली तर कित्येक झाडे वाचतील.

दुसरी चूक जेसीबीने होते. उतार नको म्हणून टेकाड कापून सपाट करतात. वरची वीतभर माती, जी तयार व्हायला हजारो वर्षे गेली, ती दोन दिवसांत भरावाखाली गाडली जाते आणि खालचा कोरा मुरूम किंवा चुनखडीचा थर उघडा पडतो. अशा पट्ट्यात लावलेल्या झाडांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. लोह जमिनीत असते, चुन्यामुळे झाडाला मिळत नाही. चुन्याच्या पांढऱ्या खड्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर फसफसून बुडबुडे येतात. ही साधी चाचणी लागवडीआधी केली तर मागाहून वर्षानुवर्षे फेरस सल्फेट फवारावे लागत नाही. उतार मोडण्यापेक्षा समतल रेषेवर झाडांच्या ओळी घ्याव्यात आणि ओळींच्या वरच्या अंगाला चर काढावेत. मृद्संधारणाची माणसे ज्याला सलग समतल चर म्हणतात ते हेच. खोदताना वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवायचा आणि माती झाडाच्या खड्ड्यात परत घालायची. मजुरी जास्त लागते, हे मान्य.

ठिबकाने उताराचे प्रश्न सुटतात, असा सर्वत्र विश्वास आहे. अर्धे सुटतात. उरलेले अर्धे दाबाचे असतात. दहा मीटर उंचीचा फरक म्हणजे एक किलो प्रेशर. माथ्याच्या ड्रीपरला एक किलो मिळत असेल आणि बागेचा तळ दहा मीटर खाली असेल, तर तिथे जवळपास दोन किलो होतो. साध्या ड्रीपरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तळाच्या झाडाला माथ्याच्या झाडापेक्षा चाळीस टक्के पाणी अधिक. आणि ते कुणाला, तर ज्याच्या मातीत आधीच तीन आठवड्यांची ओल आहे त्याला. मोटर बंद झाली तरी नळ्यांत उरलेले पाणी उतरून सगळ्यात खालच्या ड्रीपरांतून ठिबकत राहते. कारेगावच्या त्या बागेत खालची झाडे मरत होती ती या दोन कारणांनी मिळून.

यावर उपाय आहेत, नवे शोधायला नकोत. लॅटरल नळ्या उतारावरून खाली सोडण्याऐवजी समतल रेषेने आडव्या टाकायच्या. वरच्या, मधल्या, खालच्या पट्ट्याला वेगळा व्हॉल्व्ह द्यायचा. फरक फार असेल तर दाब कमी-जास्त झाला तरी प्रवाह सारखा ठेवणारे 'पीसी' ड्रीपर घ्यायचे. यातला मधला उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. एक टी, एक बॉल व्हॉल्व्ह, थोडी नळी. ठिबकाचा आराखडा काढताना झाडांचे अंतर आणि विहिरीचे अंतर मोजतात, खड्डा कोणी घेत नाही.

मातीप्रमाणे ओलाव्याचा आकारही बदलतो. काळ्या मातीत ड्रीपरखाली ओल आडवी पसरते, कांद्यासारखी. मुरमात ती सरळ खाली जाते, गाजरासारखी. म्हणून मुरमात झाडाला दोन ड्रीपर चार तास चालवण्यापेक्षा चार ड्रीपर दिवसातून दोनदा तासभर चालवलेले बरे. उतारावर तर ही ओल आणखी खालच्या बाजूला सरकते. ड्रीपर खोडाच्या उताराकडच्या अंगाला असेल तर मुळांना वळसा घालून पाणी शेजारच्या रांगेकडे निघून जाते. तो वरच्या अंगाला, खोडापासून हात-दीड हातावर ठेवायचा. मुळे पाण्याच्या वाटेत येतात. एवढ्या बदलाला नळीची लांबी सोडून काहीच खर्च नाही.

आता पाणी येते कुठून, याकडे वळू. शिरूरच्या या बाजूला पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. एका एकरावर एक मिलिमीटर पडला की चार हजार लिटर होतात, म्हणजे वर्षाला एकरी वीस लाख लिटर. प्लॅस्टिकचा कागद घातलेले ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे उताराच्या बाजू धरून जवळपास बावीस लाख लिटर पाणी साठवते. पाऊस आणि तळे यांचे माप असे जुळते. एकरात साडेचार बाय तीन मीटरवर तीनशे डाळिंबे बसतात. मार्च ते मे झाडाला रोज तीस लिटर दिले तर आठ लाख लिटर लागतात. त्याच तीन महिन्यांत तळ्यावरून रोज आठ मिलिमीटर उडाले तर सहा लाख लिटरच्या आसपास वाफ होऊन जाते. झाडाने प्यालेल्या पाण्याच्या तीन चतुर्थांश एवढे पाणी हवेने प्यायले.

तरीही शेततळ्यांनी बागा वाचवल्या हे खरे आहे आणि तसे म्हटले पाहिजे. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, त्याच्या आधीपासून डाळिंबवाल्यांनी स्वखर्चाने तळी केली होती. तळे माथ्याला असेल तर दहा मीटर उतरणीवर मोटरीशिवाय ठिबक चालते, लाइटचे रात्री-अपरात्रीचे वेळापत्रक सुटते. गोम आहे ती तळे भरण्यात. शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारा पाऊस अडवण्याची होती. प्रत्यक्षात माथ्यावरचे तळे बहुतेक वेळा खालच्या विहिरीतून किंवा बोअरमधून भरले जाते. जमिनीच्या पोटात, सावलीत, बाष्पीभवनाशिवाय जे पाणी होते ते वर उपसून उन्हात ठेवायचे. शेजारच्याची विहीर त्याच पाझरावर असते. ती डिसेंबरात कोरडी पडते आणि मग तोही तळे करतो.

जगात उतारावरच्या काही बागा टिकल्या त्या लोकांनी आधी उघडी माती झाकली म्हणून. कॅनरी बेटांतल्या लांझारोतेला पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या घरात. १७३० ते १७३६ या काळात तिथे ज्वालामुखी उसळला आणि शेते राखेच्या खड्यांखाली गेली. तिथल्या शेतकऱ्यांनी त्या काळ्या खड्यांत खोलगट खड्डे करून तळाच्या मातीत द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी बांध घातला. वरचा खड्यांचा थर ओल उडू देत नाही. आपला मुरूमही ज्वालामुखीच्याच खडकाचा. बागेत वेचून बांधावर टाकलेले खडे झाडाभोवती आच्छादन म्हणून राहू दिले, त्यावर पाचट, बाजरीचे सरमाड पसरले, तर वरच्या पट्ट्यातली तीन दिवसांची टाकी चार-पाच दिवस पुरते, हे मी स्वतः पाहिले आहे. कोकणात उलट परिस्थिती. तीन हजार मिलिमीटर पाऊस, तरी जांभ्याच्या कातळावर एप्रिलात कलमे सुकतात, कारण जांभा गाळणीसारखा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिथे कागद अंथरलेले छोटे जलकुंड सुचवले ते झाड जगवण्याच्या काळापुरते. तो विषय मोठा आहे, स्वतंत्र लेखाचा.

मातीचे माप घेणारी व्यवस्था आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू नये. २०१५ पासून जमीन आरोग्यपत्रिका मिळते. तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. फळबागेच्या पाण्यासाठी ज्या चार गोष्टी आधी हव्यात त्या तिथे नाहीत: खोली किती, खडे किती, पाणी किती वेगाने मुरते आणि चुनखडी कुठल्या थरात आहे. नमुना घेताना खडे तर चाळून फेकून दिले जातात. खताच्या सल्ल्यासाठी ते बरोबर आहे. पाण्याच्या सल्ल्यासाठी मात्र तेच खडे निर्णायक असतात. सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे, मांजरीला द्राक्षाचे आहे, राहुरीचे विद्यापीठ आहे. ज्ञानाची टंचाई नाही. एका पहारीने, एका बादलीने आणि अर्ध्या दिवसाने मिळणारी माहिती गोळा करून ती पत्रिकेत लिहायची, एवढा सरकारी निर्णय हवा आहे.

पण एकट्या शेतकऱ्याने आपल्या पट्टीचा हिशेब जुळवला तरी उतार त्याच्या बांधावर थांबत नाही. वरच्याच्या रानात मुरलेले पाणी खालच्याच्या विहिरीत निघते, आणि खालच्याने उपसलेले पाणी वरच्याच्या तळ्यात जाते. हे नाते ओळखून ज्यांनी काम उभे केले ते विलासराव साळुंखे. पेशाने अभियंता आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळाने हलले आणि १९७४ मध्ये पुरंदरच्या नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड, उताराची जमीन घेऊन बसले. वर चर आणि बांध, मध्ये पाझर तलाव, तलावाच्या खाली विहीर, विहिरीतून पाणी पुन्हा उतारावर. उताराचे पाणी उतारालाच. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही. लाभार्थ्यांनी खर्चाचा वाटा आधी भरायचा. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्या योजनांतल्या काही पुढे थकल्या, काही बंद पडल्या. विजेचे बिल, भांडणे, पुढच्या पिढीचे शहराकडे जाणे, कारणे पुष्कळ. तरी उतारावर पाण्याचा हिशेब माणसे आणि माती यांवरून मांडता येतो, हे त्यांनी कागदावर नव्हे, रानात दाखवले. याउलट भीमेच्या खालच्या अंगाला, दौंडच्या कालव्याखालच्या काळ्या रानांत, उसाला पाट भरून पाणी देत देत जमिनी चोपण होत गेल्या. वर माळ तहानलेला आणि खाली काळी कुजलेली, हे एकाच जिल्ह्यात, काही कोसांवर.

मुरूम स्वतः किती पाणी धरतो, याचाही अंदाज असावा. कुजलेल्या खडकात शंभर भागांत दोन भाग एवढे पाणी मोकळे होते असे धरले, तर दहा एकरांचा तीन मीटर जाडीचा मुरमाचा माळ चोवीस लाख लिटर साठवतो. म्हणजे एक भरलेले शेततळे. कागद लागत नाही, उन्हाने उडत नाही आणि चांगल्या पावसात पुन्हा भरते. कारेगावच्या आसपास आज हा मुरूमच उचलला जातो आहे. रस्त्यांना भराव हवा, प्लॉटना भराव हवा, गोदामांच्या जोत्याला भराव हवा. टेकाडाची किंमत ब्रासवर ठरते. त्यातल्या पाण्याची किंमत ठरवायला कोणी येत नाही, आणि मला याचे मनापासून दुःख आहे, कारण मातीची झीज चरांनी भरून निघेल, कापलेले टेकाड भरून निघणार नाही.

त्या डाळिंबाच्या बागेच्या पलीकडे असेच एक टेकाड निम्मे कापलेले आहे. कापलेल्या कडेवर वरच्या बाजूला एक जुने सीताफळ अजून उभे आहे, कुणी न लावलेले, कधी पाणी न दिलेले. त्याच्या खालचा मुरूम उभा कापला गेल्याने मुळे उघडी पडली आहेत. आम्ही टेप लावून मोजले. वीतभर मातीच्या खाली, मुरमाच्या फुटींतून वाकडेतिकडे वळत, एक करंगळीएवढे मूळ सहा फूट चार इंच खाली उतरले होते. शेवटच्या फुटीत बोट घातले तेव्हा मे महिन्यातही ते ओले लागले.